अणुवीज कशी बनते, फायदा काय, धोका कुठे : तारापूर ते जैतापूर

दहावीच्या विज्ञानात हरित ऊर्जेचा धडा आहे. त्यात अणुवीज केंद्राची एक आकृती येते, चार बाण, दोन चौकोन, आणि धडा पुढे सरकतो. गेल्या वर्षी तो शिकवताना एका मुलाने विचारलं, "टीचर, तारापूर फुटलं तर मुंबईचं हिरोशिमा होईल का?" मी उत्तर देण्याआधीच मागच्या बाकावरची मुलगी बोलली. तिचं आजोळ नाट्याला आहे. "आमचे नाना म्हणतात, जैतापूरचा प्रकल्प आला तर दर्यात मासाच राहणार नाही."

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे : नाही, हिरोशिमा होणार नाही. दुसऱ्याचं उत्तर एका तासिकेत देता आलं नाही. मोबाईलवर फिरणारे मेसेज बघितले तर एकात अणुवीज म्हणजे कयामत आणि दुसऱ्यात देशाच्या सगळ्या दुखण्यांवरचा इलाज. दोन्ही वाचून माणूस जिथल्या तिथेच राहतो. म्हणून हा लेख, मुलांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी.

पाणी उकळण्याची एक पद्धत

उर्दू माध्यमात अणूला आपण जौहर म्हणतो आणि त्याच्या मधल्या गाभ्याला मरकजा. मराठीत अणू आणि केंद्रक. युरेनियमचा केंद्रक फार मोठा आणि आतून अस्थिर असतो. त्यावर एक न्यूट्रॉन आदळला की त्याचे दोन तुकडे होतात, उष्णता बाहेर पडते आणि सोबत दोन-तीन नवे न्यूट्रॉन सुटतात. ते शेजारच्या केंद्रकांवर आदळतात, तेही फुटतात. ही झाली साखळी प्रक्रिया. जर्मनीत ऑटो हान आणि फ्रिट्झ श्ट्रासमान यांना १९३८ च्या डिसेंबरमध्ये हे फुटणं प्रयोगात दिसलं. त्याचा अर्थ लिझे माइटनर आणि तिचा भाचा ऑटो फ्रिश यांनी लावला. लिझे ज्यू घराण्यातली, नाझींमुळे देश सोडून स्वीडनला गेलेली. नोबेल मात्र एकट्या हानला मिळालं. मुलींना मी हे मुद्दाम सांगते.

चार वर्षांनी, २ डिसेंबर १९४२ रोजी, शिकागोत एन्रिको फर्मीने ही साखळी पहिल्यांदा ताब्यात ठेवून चालवली. आपल्याकडे होमी भाभांच्या पुढाकाराने तुर्भ्याची 'अप्सरा' भट्टी ऑगस्ट १९५६ मध्ये सुरू झाली. ती संशोधनासाठी होती, विजेसाठी नव्हे.

वीज बनवण्याचं काम तर अगदी ओळखीचं आहे. उष्णतेने पाणी उकळतं, वाफेच्या जोराने टर्बाइन फिरतं, त्याला जोडलेलं जनित्र वीज देतं. चंद्रपूरला हेच कोळसा जाळून होतं, तारापूरला युरेनियम फोडून. फरक फक्त चुलीचा.

ही चूल आतून कशी असते? युरेनियम ऑक्साइडच्या बोटाच्या पेराएवढ्या गोळ्या असतात. त्या धातूच्या बारीक नळ्यांत भरतात, त्या नळ्यांचे जुडगे भट्टीत ठेवतात. फुटताना निघणारे न्यूट्रॉन फार वेगवान असतात आणि वेगवान न्यूट्रॉनचा नेम चुकतो, म्हणून त्यांना हळू करायला पाणी किंवा जड पाणी वापरतात. साखळी जास्त तापायला लागली तर कॅडमियम किंवा बोरॉन असलेल्या नियंत्रक कांड्या खाली सोडतात. त्या न्यूट्रॉन शोषून घेतात. सगळ्या कांड्या आत गेल्या की साखळी काही सेकंदांत थांबते.

आता हिरोशिमाचा प्रश्न. खाणीतून येणाऱ्या युरेनियममध्ये फुटणारा प्रकार, म्हणजे युरेनियम-२३५, फक्त ०.७ टक्के असतो. आपल्या देशातल्या बहुतेक भट्ट्या याच साध्या युरेनियमवर आणि जड पाण्यावर चालतात. साध्या पाण्याच्या भट्टीला ते प्रमाण ३ ते ५ टक्क्यांपर्यंत वाढवून लागतं. बॉम्बसाठी ९० टक्क्यांच्या आसपास न्यावं लागतं. त्यामुळे वीज केंद्राचा अणुबॉम्ब होत नाही, होऊ शकत नाही. धोका आहे, पण तो दुसऱ्या दारातून येतो.

आग बंद, निखारे चालू

ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात नीट येत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच.

लाकडाच्या चुलीवर देग चढवतात तेव्हा आचारी शेवटी लाकडं ओढून घेतो. तरी निखाऱ्यांवर दम बसतोच. अणुभट्टीचंही तसंच. साखळी थांबली तरी फुटलेल्या तुकड्यांत नवे किरणोत्सारी पदार्थ तयार झालेले असतात, आणि ते स्वतःहून मोडत उष्णता देत राहतात. ही उष्णता कुठल्याही बटणाने बंद होत नाही. भट्टी बंद केल्या क्षणी ती पूर्ण ताकदीच्या सहा-सात टक्के असते, तासाभराने दीड टक्क्याच्या आसपास, एका दिवसाने सुमारे अर्धा टक्का.

सहा टक्के म्हणजे किती? तारापूरचा ५४० मेगावॅटचा एक संच घ्या. तेवढी वीज मिळावी म्हणून भट्टीत जवळपास तिप्पट, म्हणजे १,७०० मेगावॅटच्या आसपास उष्णता तयार होते. त्याचे सहा-सात टक्के म्हणजे शंभर मेगावॅटच्या वर. घरातला दोन किलोवॅटचा गीझर धरला तर पन्नास हजारांहून जास्त गीझर एका भांड्यात चालू आहेत, आणि मेन स्विच कुठेच नाही. दुसऱ्या दिवशीही चारेक हजार गीझर चालूच असतात.

म्हणून भट्टी बंद केल्यावरही तिच्यातून पाणी फिरतं ठेवावं लागतं, दिवसेंदिवस. पाणी फिरवायला पंप लागतो, पंपाला वीज लागते. वीज बनवणाऱ्या केंद्रालाच बाहेरच्या विजेची गरज पडते, ही यातली गंमत म्हणा की विटंबना म्हणा. त्यासाठी डिझेल जनरेटर असतात, बॅटऱ्या असतात. हे सगळं एकदम गेलं तर इंधन वितळतं, नळ्यांचा धातू वाफेशी प्रक्रिया करून हायड्रोजन सोडतो, आणि स्फोट होतो तो या हायड्रोजनचा.

फुकुशिमा आणि चेर्नोबिल

११ मार्च २०११ ला जपानच्या समुद्रात ९.० तीव्रतेचा भूकंप झाला. फुकुशिमा दाइची केंद्रातल्या चालू भट्ट्या आपोआप बंद पडल्या, जशा पडायला हव्यात तशा. बाहेरची वीज गेली, डिझेल जनरेटर सुरू झाले. इथपर्यंत सगळं पुस्तकाप्रमाणे. पाऊण-एक तासाने त्सुनामी आली, चौदा-पंधरा मीटर उंच. केंद्राची तयारी सहा मीटरच्या आतल्या लाटेची होती. जनरेटर बहुतेक तळघरांत, ते बुडाले. तीन भट्ट्यांतलं इंधन वितळलं. दीड लाखाहून जास्त लोकांना घरं सोडावी लागली. स्थलांतराच्या हालांनीच, विशेषतः म्हाताऱ्या आणि आजारी माणसांचे, दोन हजारांहून जास्त मृत्यू झाले.

याच कंपनीच्या माणसांनी २००८ मध्ये हिशेब करून ठेवला होता की पंधरा मीटरहून उंच लाट येऊ शकते. भिंत मात्र वाढवली गेली नाही. जपानच्या संसदेने नेमलेल्या स्वतंत्र आयोगाने २०१२ मध्ये ही आपत्ती माणसाने घडवलेली आहे असं स्वच्छ लिहिलं. आणि त्याच किनाऱ्यावर, भूकंपाच्या केंद्राला फुकुशिमापेक्षा जवळ, ओनागावा नावाचं दुसरं अणुवीज केंद्र आहे. ते बांधणाऱ्यांनी जुन्या त्सुनामींचा अभ्यास करून जागा चौदा-पंधरा मीटर उंचीवर धरली होती. ते केंद्र वाचलं. आसपासच्या गावांतल्या शेकडो लोकांनी घरं वाहून गेल्यावर त्या केंद्रातच आसरा घेतला. तोच भूकंप, तोच समुद्र. फरक होता तो आधी ऐकून घेतलेल्या आणि न घेतलेल्या गोष्टींचा.

चेर्नोबिलची कहाणी वेगळी आहे. २६ एप्रिल १९८६ च्या मध्यरात्रीनंतर तिथे एक चाचणी चालली होती. त्यासाठी सुरक्षेच्या काही यंत्रणा बंद केलेल्या होत्या. त्या भट्टीच्या रचनेतच खोट होती. अडचणीच्या वेळी नियंत्रक कांड्या आत सोडल्या तेव्हा शक्ती कमी होण्याऐवजी आधी उसळली. वरून काँक्रीटचं भक्कम कवच नव्हतं. भट्टी उघडी पडली, ग्राफाइटला आग लागली. दोन कामगार त्याच रात्री गेले, २८ जण पुढच्या काही महिन्यांत तीव्र किरणोत्साराने गेले. शेजारचं प्रिप्यात शहर, सुमारे ४९ हजार वस्तीचं, दुसऱ्या दिवशी दुपारी रिकामं केलं. जगाला खबर मिळाली ती मॉस्कोकडून नव्हे. स्वीडनच्या एका अणुवीज केंद्रातल्या मोजमापांत किरणोत्सार सापडला, तेव्हा. कीवमध्ये १ मेची परेड ठरल्याप्रमाणे झाली, लहान मुलं रस्त्यावर होती.

त्या भागातल्या मुलांनी किरणोत्सारी आयोडीन उतरलेलं दूध प्यायलं. पुढच्या वर्षांत थायरॉइड कर्करोगाचे हजारो रुग्ण निघाले. हा कर्करोग बहुतेक बरा होतो, पण वेळीच सांगून ते दूध थांबवलं असतं तर यातले बरेचसे झालेच नसते. भट्टीच्या आगीइतकंच नुकसान गप्प राहण्याने केलं.

मग लोक ही वीज का बनवतात?

कारण फायदा खरा आहे, आणि तो नाकारून चालणार नाही. इंधनाची एक छोटी गोळी साधारण एक टन कोळशाइतकी उष्णता देते. हजार मेगावॅटच्या कोळसा केंद्राला वर्षाला चाळीस-पन्नास लाख टन कोळसा लागतो. तेवढ्याच क्षमतेच्या समृद्ध युरेनियमच्या भट्टीला पंचवीस-तीस टन इंधन पुरतं. धूर नाही, राख नाही. खाणीपासून शेवटपर्यंत सगळा हिशेब धरून हवामानविषयक आंतरसरकारी समितीने २०१४ मध्ये दिलेला मधला आकडा असा : एका युनिटमागे अणुवीज १२ ग्रॅम कार्बन, कोळसा ८२०. चंद्रपूरला ज्यांचे नातेवाईक आहेत त्यांना कोळशाची राख काय असते हे सांगायला नको. कोळशाच्या धुराने माणसं रोज मरतात, फक्त त्यांची बातमी होत नाही.

दुसरं असं की ही वीज रात्रीही मिळते, पावसाळ्यातही. सौर ऊर्जा आज लिलावात अडीच-तीन रुपये युनिटने मिळते, तिच्याशी दरात नवी अणुवीज टिकत नाही. पण सूर्य मावळल्यावर काय, हा प्रश्न उरतो. फ्रान्सची सुमारे दोन तृतीयांश वीज अणूपासून येते. आपल्याकडच्या कितीतरी घरांतले लोक आखातात कामाला आहेत. तेलाच्या मालक असलेल्या संयुक्त अरब अमिरातीनेही बराका इथे कोरियन बनावटीच्या चार भट्ट्या उभ्या केल्या, पहिली २०२१ मध्ये व्यापारी तत्त्वावर सुरू झाली, चौथी २०२४ मध्ये. आता त्या देशाची पाव वीज तिथून येते. भारतात मात्र पन्नास वर्षांहून जास्त काळ गेला तरी अणुवीज एकूण विजेच्या तीन टक्क्यांच्या आसपासच आहे.

त्याची एक वजह म्हणजे इंधन. आपल्याकडे युरेनियम थोडं, थोरियम भरपूर, तेही केरळ-तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या वाळूत. भाभांची तीन टप्प्यांची योजना याच थोरियमसाठी होती. ती अजून शेवटच्या टप्प्याला पोहोचलेली नाही.

तारापूर

पालघर जिल्ह्यातल्या तारापूरला १९६९ मध्ये देशातली पहिली अणुवीज तयार होऊ लागली. पहिले दोन संच अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकचे, उकळत्या पाण्याचे. म्हणजे भट्टीत जे पाणी उकळतं त्याचीच वाफ थेट टर्बाइनकडे जाते. मुळात २१० मेगावॅटचे, नंतर १६० वर आणले. फुकुशिमाच्या भट्ट्याही याच जातीच्या होत्या, आणि तिथल्या पहिल्या संचापेक्षा तारापूर दीडेक वर्षाने वडील. २०२० पासून हे दोन्ही संच मोठ्या दुरुस्तीसाठी बंद ठेवले गेले. ५४० मेगावॅटचे तिसरा आणि चौथा संच भारतीय बनावटीचे, जड पाण्याचे, २००५-०६ मध्ये सुरू झालेले. त्यांच्यात भट्टीतलं पाणी वेगळ्या फेऱ्यात राहतं आणि टर्बाइनची वाफ वेगळ्या.

१९७४ मध्ये पोखरणचा स्फोट झाल्यावर अमेरिकेने पुढे इंधनात खळखळ केली. मग फ्रान्स, चीन, रशिया असं दारोदार हिंडून तारापूर चालवावं लागलं. परदेशी भट्टी घेतली की परदेशी इंधनाची दोरीही गळ्यात येते, हा तारापूरचा धडा.

दुसरा धडा विस्थापितांचा. नव्या संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठवली गेली. पुनर्वसनाच्या तक्रारी उच्च न्यायालयापर्यंत गेल्या.

आणि कचरा. वापरलेलं इंधन भट्टीतून काढलं तरी तापलेलं आणि घातक असतं, म्हणून आधी वर्षानुवर्षे पाण्याच्या खोल टाक्यांत ठेवतात. भारत त्यावर पुन्हा प्रक्रिया करून कामाचं प्लुटोनियम आणि युरेनियम वेगळं काढतो. उरलेला जहाल भाग काचेत गोठवून बंद करतात. हे तारापूरलाही होतं. आकाराने हा कचरा थोडा असतो, ही चांगली बाजू. पण त्यातले काही पदार्थ हजारो वर्षं टिकतात. प्लुटोनियम-२३९ निम्मं व्हायला २४ हजार वर्षं लागतात. फिनलंडने यासाठी चारशे मीटरहून खोल खडकात बोगदे खोदले आहेत. आपल्याकडे असं कायमचं ठिकाण अजून नाही.

जैतापूर, नाटे आणि दर्या

रत्नागिरी जिल्ह्यातल्या राजापूर तालुक्यात माडबन, मिठगवाणे, निवेली, करेल या गावांची साडेनऊशे हेक्टरच्या आसपास जमीन जैतापूर प्रकल्पासाठी घेतली गेली. मूळ बेत असा की फ्रेंच बनावटीच्या सहा भट्ट्या, प्रत्येकी १,६५० मेगावॅटची. एकूण ९,९०० मेगावॅट, पूर्ण झाला तर जगातला सर्वांत मोठ्या केंद्रांपैकी एक. नोव्हेंबर २०१० मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली, डिसेंबरमध्ये फ्रान्सच्या अध्यक्षांच्या भेटीत करार झाले, आणि तीन महिन्यांनी फुकुशिमा घडलं.

खाडीच्या तोंडाशी साखरी नाटे आहे. यशवंतगडाच्या पायथ्याचं हे गाव, मच्छीमार मुसलमानांची मोठी वस्ती. प्रकल्पाच्या विरोधात इथले मच्छीमार आणि माडबनचे शेतकरी-बागायतदार एकत्र उभे राहिले. १८ एप्रिल २०११ ला नाट्यात आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला आणि एक तरुण मच्छीमार ठार झाला. पोलिसांचं म्हणणं होतं की जमावाने ठाण्यावर हल्ला केला. गावाचं म्हणणं वेगळं आहे. ज्या मुलीने वर्गात नानांचं वाक्य सांगितलं ती त्यानंतर जन्मलेली. पण तिच्या घरात तो दिवस कालचा असल्यासारखा सांगतात.

तर नाना म्हणतात ते बरोबर का? यात दोन भीती एकत्र मिसळल्या आहेत, त्या वेगळ्या करून बघूया.

एक म्हणजे किरणोत्सार. नीट चाललेल्या केंद्रातून समुद्रात जाणारा किरणोत्सार थोडा असतो, मर्यादा ठरलेली असते. यावरून उद्या बांगडा विषारी होईल असं म्हणणं बरोबर नाही. दुसरी भीती गरम पाण्याची, आणि ती बिलकुल खरी आहे. भट्टीच्या उष्णतेचा एक तृतीयांश भागच वीज होतो. बाकी दोन तृतीयांश समुद्रात जातो. ९,९०० मेगावॅट वीज म्हणजे १८-२० हजार मेगावॅट उष्णता रोज, रात्रंदिवस, दर सेकंदाला शेकडो घनमीटर पाण्यातून किनाऱ्याजवळ सोडायची. हे पाणी काही अंश जास्त गरम असतं. खोल समुद्रात ते मिसळून जाईल. पण अंडी, पिल्लं, कोळंबी असतात त्या उथळ पाण्यात चार-पाच अंशांचा फरक लहान नाही. शिवाय पाणी ओढून घेताना त्याच्यासोबत पिल्लंही ओढली जातात. आणि सुरक्षेसाठी केंद्राभोवतीचा समुद्र बोटींना बंद होतो. रोज पहाटे होडी कुठून काढायची, हा नाट्याचा सरळ प्रश्न आहे. त्यात अणूचं शास्त्र येतच नाही.

जमीन गेली त्याला मोबदला मिळतो, कमी म्हणा, उशिरा म्हणा. सातबारा दाखवता येतो. दर्याचा सातबारा कुणाच्या नावावर नसतो. पिढ्यान् पिढ्या जिथे जाळं टाकलं तिथला हक्क कागदावर कुठे आहे? नाट्याचा विरोध समजून घ्यायचा तर मला वाटतं इथून सुरुवात करावी. फुकुशिमाच्या मच्छीमारांचं दुखणंही असंच. २०२३ च्या ऑगस्टपासून तिथलं शुद्ध केलेलं पाणी समुद्रात सोडायला सुरुवात झाली. ट्रिटियमचं प्रमाण मर्यादेच्या खाली आहे असं आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने सांगितलं. तरी चीनने जपानी मासळी बंद केली. मासळी खराब नसली तरी शंकेने बाजार बसतो.

प्रकल्पाच्या बाजूनेही मुद्दे आहेत, ते सोडणं अन्याय होईल. माडबनचा सडा समुद्रापासून बराच उंच आहे, फुकुशिमासारखा लाटेच्या तोंडाशी नाही. या नव्या फ्रेंच भट्टीला दुहेरी कवच आहे, इंधन वितळलंच तर ते झेलायला खाली खास जागा आहे. पण तीच भट्टी फ्रान्सच्या फ्लामानव्हिलमध्ये २००७ साली बांधायला घेतली, पाच वर्षांत पूर्ण होणार होती. ग्रिडला जोडली गेली डिसेंबर २०२४ मध्ये. खर्च ३.३ अब्ज युरोंवरून १३ अब्जांच्या वर गेला. फिनलंडची अशीच भट्टी २००५ मध्ये सुरू करून २०२३ मध्ये नियमित वीज देऊ लागली. चीनने दोन बऱ्याच लवकर उभ्या केल्या. जैतापूरला अजून एकही भट्टी उभी नाही.

कुडनकुलमला २०११ च्या नोव्हेंबरमध्ये खुद्द डॉ. कलाम गेले आणि केंद्र सुरक्षित असल्याचं त्यांनी जाहीर सांगितलं. तिथल्या किनाऱ्यावरचे मच्छीमार त्यांचा मान ठेवत होते, तरी त्यांनी आंदोलन सोडलं नाही. शास्त्रज्ञ यंत्राची हमी देतो. मच्छीमार विचारत होते ती हमी दुसरी होती : चूक झाली तर कोण खरं बोलेल आणि कोण भरून देईल?

भरपाई कोणाची

भोपाळचा अनुभव पाठीशी होता म्हणून २०१० च्या अणु-दायित्व कायद्यात एक कलम आलं. केंद्र चालवणाऱ्याने आधी भरपाई द्यायची, १,५०० कोटींपर्यंत, आणि यंत्रात खोट निघाली तर पुरवठादाराकडून ती वसूल करायचा हक्क ठेवायचा. परदेशी कंपन्यांना हे कलम कधीच पसंत पडलं नाही. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने 'शांती' नावाचा नवा कायदा मंजूर केला. त्याने १९६२ आणि २०१० चे दोन्ही कायदे मागे टाकले आणि अणुवीज क्षेत्र खासगी कंपन्यांना उघडलं. सर्वांत मोठ्या भट्टीसाठी चालकाची जबाबदारी आता ३,००० कोटी आहे. पुरवठादाराविरुद्धचं ते खास कलम राहिलं नाही. जपान सरकारने २०१६ मध्ये फुकुशिमाचा खर्च २१.५ लाख कोटी येन धरला होता, रुपयांत दहा लाख कोटींच्याही वर. दोन आकडे शेजारी ठेवून बघा. जैतापूरबद्दल बोलताना भट्टीची जाडी-रुंदी विचारण्याइतकाच हा प्रश्न विचारायला हवा, आणि आमदार-खासदार मतं मागायला येतात तेव्हा विचारायला हवा.

घरातल्यांसाठी

किरणोत्सार मोजतात मिलीसिव्हर्टमध्ये. जमीन, हवा, आकाश यांतून प्रत्येक माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलीसिव्हर्ट मिळतातच. केरळच्या काही किनाऱ्यांवर वाळूमुळे याच्या कितीतरी पट. छातीचा एक्स-रे ०.१ च्या आत, पोटाचा सीटी स्कॅन आठ-दहाच्या घरात. अणुवीज केंद्रामुळे बाहेरच्या माणसाला वर्षाला जास्तीत जास्त १ मिलीसिव्हर्ट, अशी मर्यादा आहे. म्हणून तारापूरच्या जवळ राहतो एवढ्यानेच घाबरू नका, आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय वारंवार सीटी स्कॅनही करू नका.

केंद्राभोवती १६ किलोमीटरपर्यंतच्या गावांसाठी आपत्कालीन आराखडा असतो. जिल्हाधिकारी कार्यालयाकडे तो मागता येतो, सराव कधी झाला तेही विचारता येतं. बोईसर-तारापूर पट्ट्यातल्या शाळांनी आणि मशिदींच्या कमिट्यांनी हे एकदा करून बघावं. गाव रिकामं करायची वेळ आलीच तर माणसं गोळा करायला, म्हाताऱ्यांना उचलायला हीच माणसं पुढे असतात. भोंग्यावरून सूचना द्यायची तर ती कुणाकडून येणार, हे आधी ठरलेलं असावं.

दुर्घटनेची सूचना आली तर पहिलं काम घरात जाणं, दारं-खिडक्या बंद करणं, पंखा-एसी बंद. बाहेरून आलेल्याने कपडे काढून पिशवीत बांधावेत आणि अंघोळ करावी. विहीर आणि हौद झाकावेत. उघड्यावर चरणाऱ्या जनावरांचं दूध, अंगणातली भाजी सरकारी सूचना येईपर्यंत वापरू नये. आयोडीनची गोळी अधिकाऱ्यांनी सांगितल्यावर आणि सांगितली तेवढीच घ्यायची. ती फक्त थायरॉइडला वाचवते, तीही किरणोत्सारी आयोडीन शरीरात जाण्याआधी किंवा लगेच घेतली तर. लहान मुलं आणि गरोदर बायका यांना आधी. जेवणातलं आयोडीनयुक्त मीठ जास्त खाऊन ते काम होत नाही, उलट रक्तदाब वाढतो.